वेदनेसह प्रवास कशासाठी?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त लाखांदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गुडघ्यासारख्या विषयावर भाषण व्हावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या सभागृहावर एकवार दृष्टी फिरवली, तर विषयाची निवड पटण्यास वेळ लागणार नाही. एके काळी सतरंजीवर मांडी घालून बसणारी मंडळी आज खुर्चीवर बसली आहेत. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक खुर्चीवर बसून करणाऱ्यांची संख्या प्रत्येक गावी वाढते आहे. वयोमानपरत्वे गुडघे झिजतात आणि मनुष्य ते स्वीकारतो. तेल, पट्टा, काठी, शेक, अधूनमधून एखादी गोळी, असा त्याचा संसार चालू राहतो.

आजचा विषय मात्र या रोजच्या गुडघेदुखीचा नाही. एका क्षणात उद्भवणाऱ्या, पाय हलवू न देणाऱ्या, मनुष्याला रडवणाऱ्या वेदनेचा तो आहे. रोवणीचे दिवस असतात, बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरतो आणि सारा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. दुचाकीसमोर अकस्मात रानडुक्कर येते आणि गाडी गुडघ्यावर पडते. न्हाणीघरातील ओल्या फरशीवर आजी पडतात. किंवा काहीही न घडता, झिजलेला गुडघा एका रात्री असा सुजतो की पहाटे पाऊल टाकवत नाही. अशा वेळी घरचे लोक रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात नेतात. तेथे तपासणी होते, कमरेत एक इंजेक्शन दिले जाते, पायाला आधाराची पट्टी बांधली जाते. हाड मोडले असेल तर पुढे भंडारा, ब्रह्मपुरी किंवा नागपूर गाठावे लागते. नागपूर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. पवनी, भिवापूर, उमरेड ही गावे रोजच्या प्रवाशाला केवळ थांबे वाटतात. मोडलेला गुडघा घेऊन आडव्या पडलेल्या मनुष्याला मात्र प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक खड्डा वेगळा मोजता येतो.

जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि खेड्यातील रुग्णाला मोठा आधार मिळाला. गाडीत डॉक्टर असतो, प्राणवायू असतो, भाडे लागत नाही. प्रवासाची सोय झाली. परंतु त्या प्रवासातील वेदनेचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वेदना ही दुखापतीबरोबर यायचीच, ती सोसलीच पाहिजे, असा एक समज समाजात खोलवर रुजला आहे. सोशिकपणाचे कौतुक करणाऱ्या समाजात तर तो अधिकच. व्रत म्हणून स्वेच्छेने सोसणे निराळे आणि उपाय असताना अज्ञानाने सोसणे निराळे, एवढा भेद येथे करावयास हवा.

आज वेदनेवर जे उपचार सर्वत्र सहज मिळतात, त्यांच्या मर्यादा प्रथम पाहू. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याने वेदना काही प्रमाणात उतरते. परंतु वृद्ध मनुष्याच्या मूत्रपिंडावर, जठरावर आणि रक्तदाबावर त्याचा ताण पडतो. ज्यांची मूत्रपिंडे आधीच मधुमेहाने दुबळी झालेली असतात, त्यांना तर ते जपूनच द्यावे लागते. याच औषधाने भारतातील गिधाडे जवळजवळ नाहीशी केली, हे अनेकांना ठाऊक नसेल. उपचार केलेल्या जनावरांचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती मरत. म्हणून २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. तरीही जे औषध मूत्रपिंडावर असा प्रहार करू शकते, ते उपवासाच्या दिवसांत, पुरेसे पाणीही पोटात नसताना वरचेवर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पर्युषणात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेऊन पोटाचे विकार ओढवून घेणारी मंडळी काही थोडी नाहीत.

दुसरा मार्ग अफूजन्य औषधांचा. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरील जुने आणि खात्रीचे औषध. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर त्याचा साठा ठेवणे इतके किचकट झाले की लहान रुग्णालयांनी तो नादच सोडला. २०१४ साली कायद्यात सुधारणा होऊन वाट थोडी मोकळी झाली, पण सवय मोडली ती मोडलीच. त्याऐवजी ट्रॅमाडॉल दिले जाते. त्याने उलट्या होतात, गुंगी येते आणि वयोवृद्ध रुग्ण क्वचित असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, डोक्याला मार लागला की काय. वेदना एका गुडघ्यात आणि औषध मात्र साऱ्या देहात, मेंदूतसुद्धा, ही या सर्व उपायांची मूळ अडचण आहे.

येथेच नसेची भूल, म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी नर्व्ह ब्लॉक म्हणतात, तिचे महत्त्व लक्षात येते. दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जे इंजेक्शन देतो, ते येथील प्रत्येकाने केव्हा ना केव्हा घेतलेच असेल. ओठ जड होतो, अर्धा जबडा बधिर होतो, दाढ निघते आणि मनुष्य पूर्ण शुद्धीवर असतो. तेच तत्त्व गुडघ्याला लागू करावयाचे. 'नस' हा शब्द बोलण्यात रक्ताच्या शिरेसाठीही वापरला जातो, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. येथे नस म्हणजे संवेदना वाहून नेणारा तंतू, पांढुरक्या दोऱ्यांच्या जुडीसारखा. रक्तवाहिनीशी त्याचा संबंध शेजाराचा आहे, नात्याचा नाही. गुडघ्यातील दुखणे या तंतूंवाटे पाठीच्या कण्याकडे आणि तेथून मेंदूकडे जाते. वाटेत एका ठिकाणी बधिर करणारे औषध तंतूभोवती सोडले, की निरोप पुढे जात नाही. गुडघा मोडलेलाच असतो, परंतु मेंदूला त्याची वार्ता मिळत नाही.

गुडघ्याकडे अशा अनेक नसा येतात. समोरच्या भागाला पुरवठा करणारी मुख्य नस फिमोरल नावाची. कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या पातळीवरून निघून ती जांघेतून मांडीत उतरते. जांघेत बोट ठेवल्यास धमनीचा ठोका लागतो. त्या ठोक्याच्या बाहेरच्या बाजूस, सुमारे बोटभर अंतरावर, ही नस असते. आतल्या बाजूने ऑब्च्युरेटर नावाची नस येते आणि पाठीमागून सायटिका या नावाने सर्वांना परिचित असलेली मोठी नस. त्यामुळे एका सुईने साऱ्या गुडघ्याचे दुखणे शंभर टक्के थांबेलच, असे नाही. वाटीचे हाड मोडले असेल, तर फिमोरल नसेची भूल फार उपयोगी पडते. दुखापत गुडघ्याच्या मागच्या बाजूस असेल, तर तिचा लाभ अपुरा ठरतो. ज्या डॉक्टरला हा नकाशा पाठ आहे, तोच योग्य जागा निवडू शकतो.

या फिमोरल भुलेत एक उणेपणाही आहे. मांडीचा पुढचा स्नायू तिच्यामुळे शिथिल होतो आणि रुग्ण उभा राहू गेला तर पाय दुमडून पडतो. म्हणून मांडीच्या मध्यभागी, स्नायूंच्या मधून जाणाऱ्या एका अरुंद मार्गात औषध सोडण्याची रीत पुढे आली. तेथवर येईपर्यंत स्नायूंना हालचाल देणारे बहुतेक फाटे वेगळे झालेले असतात आणि संवेदना नेणारी शाखा प्रामुख्याने उरते. वेदना जाते, बळ बऱ्याच अंशी टिकते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी चालवता येते, त्यामागे या पद्धतीचाही वाटा आहे.

गुडघा बदलणे म्हटले की ऑक्टोबर २००० आठवतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुढील वर्षी उजव्यावर. त्या दिवसांत देशभर गुडघ्याचीच चर्चा होती. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी १९६५ साली स्थापन केलेले अस्थिरुग्णालय आणि त्यांनी विकसित केलेला 'इंडस' हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा, यांचा या समाजाला सार्थ अभिमान आहे. अशा मोठ्या केंद्रांत ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी नसेची भूल आता नित्याची झाली आहे. प्रश्न एवढाच की, जेथे वेदना सर्वाधिक असते, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासात, पहिल्या रुग्णालयाच्या दारात, तेथे ती का पोहोचू नये?

ही विद्या नवी नव्हे. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला. लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच द्रव्य नसेजवळ टोचून जबडा बधिर केला. दंतवैद्याच्या आजच्या इंजेक्शनचा तो पूर्वज होय. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड यांना त्या द्रव्याचे व्यसन जडले, ही त्या शोधाची दुःखद बाजू. पुढे व्यसन न लावणारी औषधे तयार झाली. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले, जे आज लहानशा दवाखान्यातही असते. त्यानंतर अधिक काळ टिकणारे ब्युपिव्हॅकेन आले. लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तास राहतो. ब्युपिव्हॅकेनला परिणाम दाखविण्यास वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, पण तो अनेक तास टिकतो. लाखांदूरहून नागपूरला जाणाऱ्या रुग्णाला कोणते अधिक सोयीचे, हे सांगण्यास डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही.

आकस्मिक विभागात ही भूल देण्याचा सर्वांत मोठा अनुभव गुडघ्याच्या वरच्या शेजाऱ्याचा, म्हणजे खुब्याचा आहे. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडल्यावर नसेची भूल दिल्यास काय होते, याचा जगभरातील प्रयोगांवर आधारित आढावा कोक्रेन या मान्यवर संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत हालचालीच्या वेळची वेदना कमी होते आणि रुग्णाला भ्रम होण्याचे प्रमाणही घटते, असे त्यात आढळले. ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णालयाच्या खाटेवर रात्रभर असंबद्ध बोलताना पाहिले आहे, त्यांना या दुसऱ्या गोष्टीचे मोल कळेल. २०२१ साली अमेरिकेतील आकस्मिक वैद्यकाच्या महाविद्यालयाने सोनोग्राफीच्या साह्याने दिलेली नसेची भूल हा आपल्या शाखेच्या कामाचा गाभ्याचा भाग असल्याचे अधिकृतपणे नमूद केले. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातच करावयाची गोष्ट, अशी तिची जुनी ओळख त्यामुळे बदलू लागली आहे.

जे गुडघे मोडलेले नाहीत, केवळ झिजून अकस्मात भडकले आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक सूक्ष्म उपाय आहे. गुडघ्याच्या सांध्याभोवती हाडाला लागून जेनिक्युलर नावाच्या बारीक नसा जातात. त्यांपैकी तीन, वरच्या दोन बाजूंच्या दोन आणि खालच्या आतल्या बाजूची एक, यांच्याजवळ थोडे थोडे औषध सोडतात. स्नायूंचे बळ जात नाही, त्यामुळे मनुष्य चालत घरी जाऊ शकतो. कोरियातील डॉक्टरांनी २०११ साली याच नसांवर विद्युतलहरींची उष्णता देऊन जुनाट गुडघेदुखीत दीर्घ आराम मिळतो, असे दाखविले. त्यानंतर वेदना-चिकित्सालयांतून ही पद्धत पसरली आणि अलीकडे काही आकस्मिक विभागांतही केवळ औषध टोचण्याची साधी रीत वापरली जाऊ लागली. तिने झीज भरून येत नाही. काही तासांचा, कधी काही दिवसांचा आराम मिळतो आणि तेवढ्या अवधीत पुढचा उपचार ठरविता येतो.

आता प्रत्यक्ष अडचणीकडे वळू. सुई नेमकी नसेजवळ पोहोचली हे कसे कळावे? पूर्वी रुग्णाला पायात झिणझिण्या आल्या की सुई पोहोचली, असे मानीत. नंतर सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने स्नायू हलवून जागा ओळखू लागले. १९९४ साली व्हिएन्नातील भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत हाताची भूल दिली आणि तेव्हापासून ही विद्या अधिक सुरक्षित होत गेली. पडद्यावर धमनी दिसते, नस दिसते, सुई दिसते आणि औषध पसरतानाही दिसते.

परंतु भारतात सोनोग्राफीचे यंत्र म्हणजे केवळ यंत्र नव्हे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, ठरावीक जागा आणि ठरावीक व्यक्ती, असे त्याचे बंधन आहे. फिरत्या यंत्रांवर २०१२ च्या नियमांनी आणखी मर्यादा आल्या. या कायद्याला दोष देणे सर्वथा अनुचित ठरेल. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. व्यापारी समाजांनीही या आकड्यांकडे पाहून मान खाली घालावी, अशीच ही गोष्ट आहे. काही लोकांच्या पापामुळे यंत्रावर कुलूप आले आणि त्याची झळ गुडघा मोडलेल्या आजीला लागली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. म्हणूनच एखाद्या दानशूर कुटुंबाने सोनोग्राफी यंत्र भेट देण्याचा संकल्प केला, तर आधी नोंदणी, जागा आणि प्रशिक्षित डॉक्टर यांची खात्री करून घ्यावी. चाकाची खुर्ची किंवा जलशय्या भेट देण्याइतके हे काम सोपे नाही. नोंदणीवाचून आलेले यंत्र दात्याला पुण्य मिळवून देण्याऐवजी डॉक्टरला न्यायालयात नेईल.

यंत्र नसेल तर सारेच संपले, असेही नाही. १९८९ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी लहान मुलांसाठी एक सोपी रीत वर्णन केली. जांघेजवळ, धमनीपासून पुरेशा अंतरावर, बोथट टोकाची सुई घालावयाची. त्वचेखाली तंतुमय पडद्यांचे दोन थर असतात, कोटाच्या कापडाखाली अस्तर असावे तसे. पहिला थर ओलांडताना हाताला हलकासा झटका जाणवतो, दुसरा ओलांडताना पुन्हा एकदा. दुसऱ्या अस्तराखाली औषध सोडले की ते पसरत फिमोरल नसेपर्यंत जाते. सुई नसेला आणि धमनीला दूर ठेवूनच काम साधते, हे तिचे वैशिष्ट्य. अर्थात पडद्यावर पाहून केलेल्या भुलेइतकी तिची खात्री नसते आणि तीही शिकलेल्या हातानेच द्यावयाची असते.

धोक्यांविषयी मौन पाळून या उपायाची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते. ब्युपिव्हॅकेनची मर्यादा सर्वसाधारणपणे किलोमागे दोन मिलिग्रॅम धरतात. अर्धा टक्का तीव्रतेच्या वीस मिलिलिटरच्या कुपीत शंभर मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे पन्नास किलोच्या आजीबाईंना एक संपूर्ण कुपी ही शेवटची सीमा झाली, आणि कृश, हृदयविकार असलेल्या वृद्धेला त्याहून कमीच. म्हणून डॉक्टरने वजन विचारले तर अंदाजाने सांगू नये. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज होतो, जिभेवर धातूची चव येते, मग झटके आणि क्वचित हृदय थांबण्यापर्यंत मजल जाते. रुग्णाने असे काही जाणवताच तत्काळ बोलले पाहिजे; संकोच करू नये. यावर उतारा म्हणून वीस टक्के चरबीचे दुधी द्रावण शिरेतून देतात. अमेरिकेतील डॉ. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याचा गुण दाखविला आणि २००६ साली त्याने प्रथमच एका मनुष्याचा जीव वाचल्याचे प्रसिद्ध झाले. हे द्रावण सोयाबीन तेलाचे असते. ते एकजीव राहावे म्हणून त्यात अंड्यातील घटक वापरलेला असतो. शाकाहारी समाजापासून ही गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे, म्हणून येथे स्पष्ट सांगितली. तिचा विचार प्रत्येक कुटुंबाने निवांत वेळी करून ठेवावा. हृदय थांबलेले असताना तो करण्यास कोणाला अवकाश नसतो. ज्या रुग्णालयात ही भूल दिली जाते, तेथे हे द्रावण हाताशी असावे, शिरेत नळी लावलेली असावी, नाडी आणि प्राणवायू दाखविणारे यंत्र जोडलेले असावे. यंत्राच्या देणगीपेक्षा या द्रावणाच्या बाटल्या आणि एखाद्या डॉक्टरच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलणे, हे कदाचित अधिक उपयोगी दान ठरेल.

काही प्रसंगी डॉक्टर भूल देण्यास नकार देतात आणि तो नकार योग्य असतो. गुडघ्याखालचे हाड चिरडले गेले, तर पोटरीच्या स्नायूंत सूज दाटून रक्तपुरवठा बंद होण्याची भीती असते. वाढत जाणारी, औषधाला न जुमानणारी वेदना हीच त्या संकटाची पहिली सूचना. भुलेने ती सूचना झाकली गेली, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असून अंगात ताप असेल, तर आत पू झाला आहे काय, हे सुईने पाणी काढून आधी तपासावे लागते. सुई टोचण्याच्या जागी त्वचेला संसर्ग असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, त्या औषधाची पूर्वी ऍलर्जी झालेली असेल, तर निर्णय डॉक्टरवर सोडावा. मात्र अशी माहिती आपण होऊन सांगणे हे नातेवाइकांचे काम आहे. हृदयविकाराच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी घरीच राहिली, हे वाक्य रुग्णालयात फार वेळा ऐकू येते. आणि घसरून पडलेल्याला रुग्णालयाऐवजी प्रथम हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेणे, चोळून घेणे, हा प्रकार तर आता थांबलाच पाहिजे. मोडलेल्या हाडाच्या टोकाने शेजारची नस दुखावली, तर पुढे ती पूर्ववत होईलच, याची खात्री कोणालाच देता येत नाही.

म्हणून येथील प्रत्येक कुटुंबाने संकटसमयी डॉक्टरांना नम्रपणे एवढे विचारावे: "साहेब, पुढे पाठविण्यापूर्वी नसेची भूल देता येईल का?" उत्तर नकारार्थी आल्यास वाद घालू नये, कारण विचारावे. भूलतज्ज्ञ नसेल, औषध नसेल, किंवा वर सांगितल्यापैकी एखादे वैद्यकीय कारण असेल. परंतु प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला, की रुग्णालयेही त्याची तजवीज करू लागतात. बाजारपेठेत ज्या मालाला मागणी असते तोच दुकानात येतो, हा व्यवहार येथेही लागू आहे.

भूल दिली गेली, तर एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. कापडाची गाठ सुरतेहून वा इचलकरंजीहून निघते, तेव्हा तिच्याबरोबर बिल्टी असते. बिल्टीवाचून आलेल्या गाठीत काय आहे, हे कोणी सांगू शकत नाही. बधिर पाय घेऊन नागपूरला पोहोचलेला रुग्ण असाच असतो. पायाला संवेदना नाही ती भुलेमुळे, की नस तुटल्यामुळे, हे तेथील डॉक्टरला कळण्यास कोणताही मार्ग राहत नाही. म्हणून भूल देण्यापूर्वी पावलाची हालचाल, बोटांतील संवेदना आणि घोट्याजवळचा ठोका तपासून तो लिहिलेला असावा. त्याखाली औषधाचे नाव, प्रमाण, कोणत्या जागी दिले आणि किती वाजता दिले, हे चार तपशील असावेत. प्रवासात बधिर पायावर गरम पिशवी ठेवू नये, कारण भाजले तरी कळणार नाही. रुग्ण बरा वाटतो म्हणून त्याला उतरवून उभे करू नये. पोटरी दगडासारखी घट्ट होत असेल किंवा बोटे थंड, पांढरी पडत असतील, तर ते गाडीतील डॉक्टरला लगेच सांगावे. आणि ती चिठ्ठी रुग्णाबरोबर जाणाऱ्याने सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावी. कपड्यांच्या पिशवीत टाकलेली चिठ्ठी नागपूर येईपर्यंत तळाशी गेलेली असते.

जय जिनेंद्र.